एकाच नावाच्या दोन फायली

ॲपलची मॅक ओएस टेन ही प्रणाली २००१ साली बाजारात आली, आणि तिच्या अंतरंगात युनिक्सचा कारभार चालतो हे कळताच, युनिक्सवर वर्षानुवर्षे काम केलेल्या कित्येकांनी आपली नित्याची साधने त्या यंत्रावर आणून बसविली. त्यांत पर्ल भाषेतील, वेबवरून मजकूर आणून देणारा, एलडब्ल्यूपी या नावाने ओळखला जाणारा एक आज्ञासंग्रह होता. त्या संग्रहाबरोबर ‘हेड’ नावाची एक लहानशी आज्ञा येत असे. तिचे नाव सगळेच्या सगळे मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलेले असे, आणि एखाद्या पानाचा केवळ शीर्षभाग त्या संकेतस्थळाकडून मागवून घेणे एवढेच तिचे काम. याच नावाची, परंतु लहान अक्षरांत लिहिलेली, दुसरी एक आज्ञा युनिक्समध्ये फार पूर्वीपासून नांदत आहे. ती दिलेल्या फायलीच्या पहिल्या दहा ओळी दाखविते. अस्सल युनिक्स यंत्रावर या दोघी एकाच डिरेक्टरीत निर्वेधपणे राहत. मॅकच्या डिस्कला मात्र ही दोन्ही नावे एकच वाटत असल्यामुळे, प्रशासकाच्या अधिकाराने तो संग्रह बसविताच नवी हेड जुनीच्या जागी आली आणि जुनी नाहीशी झाली. इशारा मिळाला नाही, परवानगी विचारली गेली नाही. आणि त्यानंतर जुन्या आज्ञेवर विसंबलेल्या इतर आज्ञावल्या फायलीच्या दहा ओळी मागावयास गेल्या की त्यांच्या पदरी भलतेच काही पडू लागले.

दोन नावे एक मानावीत की दोन, हा प्रश्न निवाड्याचा आहे. प्रत्येक प्रणालीने आपापल्या हद्दीत तो निवाडा सद्हेतूने केला. परंतु फायली हद्द ओलांडू लागल्या तेव्हा त्याची झळ अशा माणसांना लागली, ज्यांना असा काही वाद आहे याची वार्ताही नव्हती. माझी तक्रार आहे ती निवाडा मुकाट्याने बजावला जातो याविषयी.

या वादाचे मूळ शोधू गेल्यास आपण तारयंत्राच्या वंशजांपाशी जाऊन पोहोचतो. अक्षरांना अंक नेमून देणारी आस्की ही अमेरिकन संहिता १९६३ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तीत लहान रोमन अक्षरांना स्थानच नव्हते. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत ती रुजू झाली, आणि मोठ्या ‘ए’ला ६५ तर लहान ‘ए’ला ९७ असा, बरोबर ३२ चे अंतर राखून, क्रम लावण्यात आला. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्सचा पाया घातला, आणि पुढे त्या प्रणालीत जो शिरस्ता पडला त्यात फायलीचे नाव म्हणजे केवळ अंकांची एक माळ. तिरकी रेघ आणि शून्य एवढे दोन अंक वर्ज्य, बाकी ६५ तो ६५ आणि ९७ तो ९७. याउलट गॅरी किल्डॉल यांच्या सीपी-एम प्रणालीत आणि तिच्याच वळणावर १९८१ साली निघालेल्या एमएस-डॉसमध्ये नावाला आठ आणि प्रत्ययाला तीन अशी अकरा अक्षरांची जागा ठरली, आणि आपण टंकलेले प्रत्येक अक्षर सरसकट मोठे करूनच त्या जागेत नोंदले जाऊ लागले. पुढे विंडोज एनटी आणि मॅकिंटॉश यांनी मधला मार्ग पत्करला: नाव जसे दिले तसे जतन करावयाचे, पण शोधताना अक्षराचा लहानमोठेपणा दुर्लक्षावयाचा. टंकणाऱ्या सामान्य माणसाच्या सोयीचा हाच मार्ग आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु याच मार्गाने सीमेवरचे तंटे वाढविले. विंडोजवर संकेतस्थळ रचणारा माणूस चित्राच्या फायलीचे नाव मोठ्या अक्षराने सुरू करतो, पानातील दुव्यात तेच नाव लहान अक्षराने लिहितो, आणि त्याच्या पडद्यावर चित्र व्यवस्थित दिसते. तेच पान लिनक्सच्या सर्व्हरवर चढविले की चित्राच्या जागी रिकामी चौकट उरते. तो मग फायलीचे नाव दुरुस्त करतो, तर बदलांची नोंद ठेवणारे गिट म्हणते की काहीच बदललेले नाही, कारण अशा डिस्कवर अक्षरभेद दुर्लक्षावा असे त्याला सांगून ठेवलेले असते. म्हणून जाणते लोक फायलीला आधी तिसरेच काही नाव देतात, त्याची नोंद करवितात, आणि मगच इच्छित नावावर येतात.

खुद्द लिनक्सच्या मूळ संहितेत याहून बोलके उदाहरण सापडते. जाळ्यावरून जाणाऱ्या पाकिटांची छाननी करणाऱ्या भागात, नुसती तपासणी करणाऱ्या फायलीचे नाव लहान अक्षरांत आणि फेरफार करणाऱ्या फायलीचे नाव मोठ्या अक्षरांत असा संकेत आहे. टीसीपीच्या खंडमर्यादेसंबंधी ‘टीसीपीएमएसएस’ नावाच्या अशा दोन फायली तेथे शेजारी शेजारी आहेत. ही संहिता मॅकच्या साध्या डिस्कवर उतरविली की त्या दोहोंपैकी एकच शिल्लक राहते, आणि कोणी हात लावला नसतानाही गिट दुसरीत बदल झाल्याची वर्दी देते.

डिसेंबर २०१४ मध्ये उघडकीस आलेला दोष तर सुरक्षिततेचाच होता. गिट आपली व्यवस्थापनाची कागदपत्रे स्वतःच्या नावाच्या एका अदृश्य डिरेक्टरीत ठेवते आणि त्या नावाची फाइल बाहेरून स्वीकारीत नाही. पण ही मनाई लहान अक्षरांतल्या नावापुरतीच होती. एखाद्या दुष्टाने त्यातले एक अक्षर मोठे करून पाठविले, की गिट ते निरुपद्रवी समजून आत घेई, आणि विंडोज किंवा मॅकची डिस्क ते थेट व्यवस्थापनाच्या कागदांवर लिहून मोकळी होई. तेथून परक्याच्या आज्ञा आपल्या यंत्रावर चालविणे दूर नव्हते. मॅकवर तर मोठ्या अक्षराचीही गरज नव्हती: नावाच्या मध्ये शून्य रुंदीचे, न दिसणारे एक चिन्ह घातले तरी पुरे, कारण १९९८ पासूनची तिची एचएफएस प्लस ही रचना अशी चिन्हे तुलनेत जमेसच धरीत नसे.

आणि येथेच देवनागरीवाल्यांनी कान टवकारावेत. आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरे नाहीत, तेव्हा हा तंटा रोमन लिपीचा घरगुती आहे, असा समज सहज होतो. तो खरा नाही. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, र आणि नुक्ता अशा जोडीने लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असाही लिहिता येतो. डोळ्याला तिन्ही बहुधा सारखेच दिसतात. एचएफएस प्लस पहिल्याचे रूप दुसऱ्यात पालटूनच नोंद करी, लिनक्स या दोहोंना निरनिराळ्या फायली मानते. आणि तिसऱ्या रूपातला जोडक एचएफएस प्लस तुलनेत वगळीत असल्यामुळे डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्राचा ‘दर्या’ यांची तिच्या लेखी एकच फाइल होई. मराठी जाणणाऱ्या माणसाने हा निवाडा कधीच दिला नसता.

भाषेचे ज्ञान असल्यावाचून नावांची एकरूपता ठरविता येत नाही, याची साक्ष तुर्की भाषाही देते: तेथे टिंबाच्या लहान ‘आय’चे मोठे रूपही टिंबासहितच असते आणि बिनटिंबाचा ‘आय’ हे निराळे अक्षर आहे. प्रत्येक भाषेचा नियम वेगळा पाळावा तर एकच डिस्क इस्तंबूलला एक आणि मुंबईला दुसरे सांगेल. म्हणून विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ६५,५३६ नोंदींचा एक तक्ता डिस्क सिद्ध करतानाच तिच्यावर लिहून ठेवतात आणि पुढे तोच प्रमाण मानतात. ही तडजोड आहे, पण निदान लेखी आणि स्थिर आहे.

अलीकडे सुधारणा होत आहेत. गिटची २०१८ सालची २.२० ही आवृत्ती संहिता उतरविताना नावांची टक्कर झाली तर तसे स्पष्ट सांगते. मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती गप्प राहत नाही. त्याच वर्षी विंडोज १० मध्ये डिरेक्टरीगणिक अक्षरभेद मानण्याची सोय झाली. २०१९ साली लिनक्सच्या एक्स्ट-फोर रचनेने उलट दिशेने पाऊल टाकले: ठरावीक डिरेक्टरीत अक्षरभेद दुर्लक्षण्याची मुभा आता देता येते, मात्र ती डिरेक्टरी रिकामी असताना, कारण आत आधीच मोठ्या आणि लहान अक्षरांतल्या दोन हेड नांदत असतील, तर त्यांतली कोणती खरी हे ठरविण्याचा अधिकार लिनक्सने स्वतःकडे घेतलेला नाही.