बाणांच्या वाटेवर वाटाड्या कशाला?

आता प्रश्न असा, की स्पेनमध्ये सांतियागो दे कोंपोस्तेलाला पायी जाताना मार्गदर्शक हवाच कशाला? वाट चुकायची भीती फारशी नाही. ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये या वाटेवर पिवळे बाण रंगवायला घेतले. आज ते बघत चालत राहायचं, बस.

पण बाण फक्त दिशा दाखवतो. शिंपला ही संत याकोबाच्या यात्रेकरूंची खूण कशी झाली, मध्ययुगात लोक लुटारूंच्या भीतीनं जथ्यानं का चालत, हे कुणीतरी सांगावं लागतं.

बरेच गट सारियाहून निघतात. सुमारे ११५ किलोमीटर, पाच-सहा दिवस. सामान गाडीतून पुढे जातं. मग ही यात्रा खरी का? तिथल्या कॅथेड्रलचा नियम पाहा. प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालायचं, वाटेत पुस्तिकेवर शिक्के घ्यायचे, आणि हेतू आध्यात्मिक हवा. ओझं पाठीवरच हवं, असं नियम म्हणत नाही. पाय मात्र तुमचेच हवेत.

म्हणून गटाबरोबर जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: रोज तासभर तरी अंतर ठेवून, न बोलता चाला. बाण आहेतच.