घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

गैरसमज : पोरगं घोरतंय, म्हणजे गाढ झोपलंय.

वस्तुस्थिती : नाही, नाही आणि नाही! मुंबईच्या शिवडीत बीडीडी चाळीपासून टॉवरपर्यंत आईबाप हे कौतुकाने सांगतात आणि त्याच दमात कुरकुरतात, "दहावीचं वर्ष, पण सकाळी उठता उठत नाही, वर्गात पेंगतो, सारखा चिडतो." या दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही. पोरावर आळशीपणाचा शिक्का मात्र बसतो.

सर्दीत चार दिवस घोरणं वेगळं. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणाऱ्या मुलाची तपासणी करा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ सालीच सांगितलंय. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. टॉन्सिल किंवा नाकामागचे ॲडिनॉइड वाढलेले असले किंवा मानेभोवती चरबी असली की श्वासाची वाट अरुंद होते, कधी बंदच होते. ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो. रात्रभर हेच चालतं, झोप पुरी होत नाही आणि सकाळी पोराला काही आठवत नाही.

छोट्या खोलीत सगळे शेजारी शेजारी झोपतात, तेव्हा साक्षीदार घरातच आहे. नीट बघा : घोरणं मध्येच थांबतं, छाती वरखाली होत राहते, पण नाकापुढे धरलेल्या बोटाला वारा लागत नाही. मग हिसका बसतो आणि श्वास परत येतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. पक्कं निदान स्लीप स्टडीने, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन नोंदवणाऱ्या तपासणीने होतं.

इतर गैरसमज :

"झोपेत श्वास अडकणं हा परदेशातला आजार." मुंबईतच हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उडवाडिया यांच्या २००४ च्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांत झोपेतल्या श्वसनाचा बिघाड आढळला होता.

"बारीक मुलांना होत नाही." होतो. टॉन्सिल वजन बघून वाढत नाहीत.

"टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती जाते." जात नाही. ते वाढल्यामुळे श्वास अडकत असेल तर शस्त्रक्रिया हाच सहसा पहिला उपाय.

"ऑपरेशन झालं, विषय संपला." वजन जास्त असेल तर त्रास उरू शकतो. फेरतपासणी हवीच, वजनही उतरवायला हवं.

"सीपॅप मशीनची सवय लागते." ते साध्या हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवतं. कारण दूर झालं की मशीनही सुटू शकतं.

"झोपेची गोळी द्या." मनाने मुळीच नको. काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो.

परळचं केईएम रुग्णालय शिवडीहून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या कान-नाक-घसा ओपीडीत मुलाला घेऊन जा. नवा क्लास लावायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.