शोधलं की सापडलं पाहिजे

बहुतेक वेबसाइटवर वरच्या बाजूला एक पांढरी चौकट असते, शेजारी भिंगाचं चित्र. त्यात शब्द टाकला की त्या साइटवरचं हवं ते पान पुढे येतं. ही चौकट दुसऱ्यांच्या साइटसाठी महिन्याच्या भाड्याने चालवून देणं हा एक धंदा आहे. ऐकून वाटेल, हे पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांचं काम. मला तसं वाटत नाही. का, ते सांगते.

गिरणीचं उदाहरण घ्या. प्रत्येक घरात गिरणी नसते. आपण डबा नेतो, दळून आणतो, दळणाचे पैसे देतो. इथेही तसंच. वेबसाइटवाल्याची सगळी पानं आपलं मशीन वाचतं आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची करून ठेवतं, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. गिऱ्हाइकाने शब्द टाकला की तो आपल्या मशीनकडे येतो, सूचीत बघितलं जातं आणि उत्तर परत जातं. साइटवाल्याने आपण दिलेल्या दोन-चार ओळी आपल्या पानात घालायच्या, बस. ते मशीनही आपल्या घरात नसतं. इंटरनेटवर भाड्याने मिळतं.

लागणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यातल्या इलॅस्टिकसर्चची जन्मकथा तर स्वयंपाकाचीच आहे. शाय बॅनन या प्रोग्रॅमरची बायको लंडनमध्ये स्वयंपाकाचं शिक्षण घेत होती. तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्याने काम सुरू केलं आणि त्यातूनच पुढे २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च आलं. (पाककृतींचं काम मात्र राहूनच गेलं म्हणतात!) फक्त २०२१ मध्ये त्याच्या परवान्याच्या अटी बदलल्या. दुसऱ्यांना सेवा विकायची असेल तर त्या अटी आधी वाचा, किंवा त्यातून वेगळं निघालेलं ओपनसर्च घ्या. त्याचा परवाना मोकळा आहे.

आता तुम्ही विचाराल, गुगल अशी चौकट फुकट देतं, मग आपल्याला पैसे कोण देईल? गुगलने ही सोय २००६ मध्ये आणली. पण फुकट चौकटीत जाहिराती येतात, म्हणजे तुमच्या दुकानात येऊन शेजारच्याने पाटी लावल्यासारखं. जाहिरात नसलेली, पैसे भरून घ्यायची ‘साइट सर्च’ सेवा गुगलने २०१८ मध्ये बंद केली. तरी खरी जागा मला दिसते ती मराठीत.

इंग्रजीत शब्द फार बदलत नाही. आपला बदलतो. शिरपूर, शिरपुरात, शिरपूरहून. वांगं, वांगी, वांग्याचं. आपल्याला हे एकच वाटतं, मशीनला वेगवेगळे शब्द. मूळ शब्द ओळखायचे नियम त्याला शिकवावे लागतात. इलॅस्टिकसर्चमध्ये असे तयार नियम हिंदी आणि बंगालीचे आहेत, मराठीचे नाहीत. शिवाय नुसते प्रत्यय कापूनही भागत नाही. आपली कळण्याची भाकरी घ्या. ‘कळण्याची’ हा शब्द ‘कळणा’पासून आला की ‘कळणे’पासून? मशीनला विचाराल तर ते भाकरीऐवजी समजूतदारपणाचं पान काढून देईल.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘भाकऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखा, मशीनला वेगळा. जुन्या फॉन्टमधला मजकूर स्क्रीनवर मराठी दिसतो, पण आत निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि त्या कामाचे वेगळे पैसे घ्यावेत.

तिसरी गोष्ट आपल्या पोटाशी संबंधित आहे. आपण पाकिटावर लिहितो ‘बिबड्या’. मुंबईची बाई शोधते ‘ज्वारीचे पापड’. उत्तर येतं, काही सापडलं नाही. ती निघून जाते, आणि माल घरात पडून असतो. कोणत्या शब्दाला दुसरा कोणता शब्द, ही जोड लिहून ठेवावी लागते. ती खान्देशातल्या बायकांना जितकी ठाऊक आहे तितकी बंगळुरूच्या इंजिनीअरला असणार नाही. कोण ‘मिरची’ लिहितं, कोण ‘मिर्ची’, कोण इंग्रजी अक्षरांत. हे सगळं वहीत उतरवायला संगणकाची पदवी लागत नाही.

आणि ‘सापडलं नाही’ अशा शब्दांची यादी मशीन रोज जमा करतं. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. समजा एका महिन्यात चाळीस जणांनी ‘नागलीचे पापड’ शोधले आणि ते साइटवर नाहीत. मग साइटवाल्याला सांगा, हे विकायला ठेवा. हा महिन्याचा कागद हातात पडला की भाडं द्यायला तो कुरकुर करणार नाही. मात्र कोणी काय शोधलं हे नावानिशी ठेवू नका आणि बाहेर बोलू नका.

गिऱ्हाईक कोण? ज्यांच्याकडे पानं खूप आहेत ते: स्थानिक वर्तमानपत्रं, वाचनालयं, बी-बियाण्यांची दुकानं, पाककृतींच्या साइट. तीसच वस्तू असलेल्या दुकानाला ही चौकट लागत नाही. त्याला तसं स्पष्ट सांगा, उगाच गळ्यात मारू नका.

हिशेब साधा मांडू. समजा मशीनचं भाडं महिना १,५०० रुपये आणि एका साइटकडून ५०० घेतले, तर तीन साइटवर भाडं निघतं. चौथीपासून आपल्या कष्टाचे पैसे. म्हणून पहिल्याच दिवशी मोठं मशीन नको आणि त्यासाठी बँकेचं कर्ज तर अजिबात नको. गटाच्या अंतर्गत कर्जातून तीन-चार महिन्यांचं भाडं निघेल.

संगणकाच्या बाजूला एक-दोन शिकलेल्या मुली लागतील. आपल्या शिरपुरात आर. सी. पटेल इंजिनीअरिंग कॉलेज आहे, आपल्याच भागातल्या मुली तिथे शिकतात. त्यांना पगारावर ठेवण्यापेक्षा भागीदार करा, म्हणजे नोकरी लागली तरी धंदा एकदम सोडून जाणार नाहीत. आणि दोन असू द्या. परीक्षेच्या दिवसांत मशीन बंद पडलं तर दुसरी हवी.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा: आपल्या गटाच्या दहा वस्तू घ्या आणि प्रत्येकीला किती नावांनी हाक मारतात ते सगळ्या जणींकडून लिहून घ्या. सासरचं नाव, माहेरचं नाव, बाजारातलं नाव, अहिराणीतलं नाव.