पुन्हा मांड ठोकताना

दिनांक १९ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकमधील वैयक्तिक शो जम्पिंगचा अंतिम दिवस. अडथळ्याचा एक दांडा पडला तरी चार दोष पदरी पडणाऱ्या या खेळात सहा स्वारांनी दोन्ही फेऱ्या निर्दोष पूर्ण केल्या होत्या. साहजिकच निर्णायक फेरी घ्यावी लागली. तीत दोष समान राहिल्यास कमी वेळ घेणारा विजयी ठरतो. सर्वप्रथम रिंगणात उतरले ते ब्रिटनचे निक स्केल्टन, वय वर्षे ५८. त्यांच्या ‘बिग स्टार’ या घोड्याने एकही दांडा न पाडता ४२.८२ सेकंदांत फेरी पूर्ण केली. आता उरलेल्या पाच जणांची वाट पाहण्याखेरीज स्केल्टन यांच्या हाती काहीच नव्हते.

तशी प्रतीक्षा त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. १९७८ मध्ये ‘लॅस्टिक’ या घोड्यावरून सुमारे ७ फूट ७ इंच उंचीचा अडथळा ओलांडून त्यांनी ब्रिटिश विक्रम नोंदविला, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. पुढे यशाची चढती कमान सुरू असतानाच सप्टेंबर २००० मध्ये घोड्यावरून पडून त्यांची मान मोडली. पुन्हा घोड्यावर बसू नये, असा वैद्यकीय सल्ला मिळाला आणि २००१ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. मात्र हाड अपेक्षेहून चांगले सांधले आणि २००२ मध्ये त्यांनी पुन्हा मांड ठोकली.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ‘बिग स्टार’सह त्यांनी सांघिक सुवर्णपदक मिळविले. या प्रकारातील ब्रिटनचे हे १९५२ नंतरचे पहिलेच सांघिक सुवर्ण. वैयक्तिक पदकाने मात्र तेथेही हुलकावणी दिली; पाचव्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्यानंतर जायबंदी होण्याची पाळी घोड्यावर आली आणि त्याला दीर्घ काळ स्पर्धांपासून दूर ठेवावे लागले. तो बरा होईपर्यंत स्केल्टन थांबले.

रिओमध्ये या थांबण्याचे चीज झाले. स्वीडनच्या पेडर फ्रेड्रिकसन यांनीही निर्दोष फेरी केली. परंतु वेळ लागला ४३.३५ सेकंद. सातव्या ऑलिंपिकमध्ये, जेमतेम अर्ध्या सेकंदाच्या फरकाने, स्केल्टन वैयक्तिक सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. २०१७ मध्ये स्वार आणि घोडा यांनी एकत्रच निवृत्ती घेतली.

मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचा मोह ज्यांनी कधी आवरला असेल, त्यांना त्या अर्ध्या सेकंदाचे मोल निराळे सांगावयास नको.