पांढऱ्या गाडीवर लाल मेण: डाग एक, भानगडी दोन

दिवाळीच्या संध्याकाळी इथल्या घरांपुढे पणत्यांच्या जोडीला मेणबत्त्याही लागतात. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर रोषणाई रस्त्यावर असते, पण बाकी ब्रिटनभर आपली दिवाळी होते ती घरापुढच्या बुटक्या विटांच्या भिंतीवर, आणि त्या भिंतीला खेटून ड्राइव्हवेमध्ये गाडी उभी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा वारा कोणाचं ऐकत नाही. ज्योत आडवी होते, मेणबत्ती एका अंगाने ओघळते आणि सकाळी बॉनेटवर लाल-हिरवे थेंब दिसतात. गाडी आपली असेल तर प्रकरण घरातल्या घरात मिटतं. शेजाऱ्याची असेल तर पाडव्याच्या सकाळी फराळाच्या ताटाबरोबर माफीही न्यावी लागते. गाडी लीजवर घेतलेली असेल तर परत करताना रंगाची तपासणी होते आणि डागाचे पैसे लागू शकतात.

त्यातून गाडी पांढरी असण्याची शक्यता इथे बरीच. २०१३ ते २०१६ अशी सलग चार वर्षं ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांत सर्वांत जास्त खपलेला रंग पांढरा होता, आणि त्यांतल्या पुष्कळ गाड्या अजून रस्त्यावर धावताहेत.

अशा वेळी पहिला विचार येतो तो केटलचा. मेण उष्णतेने वितळतं, तेव्हा ओता उकळतं पाणी! आपल्या आयांनी सतरंजीवर सांडलेलं मेण टीपकागद ठेवून वरून इस्त्री फिरवून काढलेलं आपण पाहिलेलं असतं, त्यामुळे ही कल्पना पटतेही चटकन. पांढऱ्या मेणासाठी ती चालूनही जाईल. लाल मेणासाठी मात्र ती बहुधा सगळ्यात वाईट. असं का, ते कळायला या थेंबातल्या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: एक मेण आणि दुसरा त्यातला रंग.

आधी मेण. हल्लीच्या बहुतेक स्वस्त मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात. १८३० मध्ये कार्ल फॉन रायशेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लाकडाच्या डांबरातून हा पांढरा, मेणचट पदार्थ वेगळा केला. तो आम्लाशी, अल्कलीशी, कशाशीच फारसा बोलेना, म्हणून त्याचं नाव पडलं पॅराफिन. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो ‘फारशी आसक्ती नसलेला’. पुढे १८५० मध्ये जेम्स यंग या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने कोळशापासून पॅराफिन काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि एडिंबरा व ग्लासगोच्या मधल्या बाथगेट गावी कारखाना काढला. लोक त्याला ‘पॅराफिन यंग’ म्हणत. (जाता जाता: ब्रिटनमध्ये दुकानात नुसतं ‘पॅराफिन’ मागितलं तर हातात रॉकेल पडतं. मेण हवं असेल तर ‘पॅराफिन वॅक्स’ म्हणावं लागतं.)

कार्बनच्या वीस-तीस-चाळीस अणूंच्या सरळ साखळ्या आणि त्यांना चिकटलेले हायड्रोजन, एवढंच हे मेण. गाडीच्या रंगाशी त्याची कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. ते पृष्ठभागावर नुसतं बसून राहतं. पांढऱ्या मेणबत्तीचा थेंब गाडीवर महिनाभर राहिला तरी रंगाचं काही बिघडत नाही, फक्त दिसायला वाईट.

बिघडवतो तो रंग. कोणत्याही वस्तूला रंग देण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे रंगद्रव्य: न विरघळणारे बारीक कण, पिठासारखे मिसळलेले. दुसरं म्हणजे रंजक: साखर पाण्यात विरघळावी तसं रेणू-रेणू होऊन विरघळलेलं. मुलांच्या मेणखडूंत मेण पॅराफिनचंच असतं, पण रंग असतो रंगद्रव्याचा. म्हणून मुलांनी गाडीवर मेणखडूने सूर्य काढला तरी तो बहुतेक वेळा पूर्ण निघतो, कारण कण मोठे असतात, आत घुसू शकत नाहीत. मेणबत्तीत मात्र रंगद्रव्य घातलं तर ते कण वातीत अडकतात आणि ज्योत मंदावते. म्हणून आरपार रंगीत असलेल्या मेणबत्त्यांत सहसा मेणात विरघळणारी रंजकंच वापरतात. रंगद्रव्य असलं तर ते बाहेरच्या पातळ थरात, आणि अशी मेणबत्ती मोडली की आतून पांढरी निघते.

विरघळलेला रेणू एका जागी स्वस्थ बसत नाही. घरी मेणबत्त्या करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं: लाल आणि पांढऱ्या थरांची मेणबत्ती काही महिने ठेवली की मधली रेघ गुलाबी होते, लाल रंग हळूहळू पांढऱ्या थरात सरकतो. मेणात जर तो सरकतो, तर मेणाला चिकटलेल्या दुसऱ्या सेंद्रिय थरातही सरकेल. गाडीवर नेमका असाच थर असतो.

आधुनिक गाडीचा रंग म्हणजे एकावर एक चार थरांची चटई. पत्र्याला गंज लागू नये म्हणून तळाशी एक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअरकोट. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांएवढी. त्यातला क्लिअरकोट ४०-५० मायक्रॉनचा. पांढरेपणा येतो तो त्याखालच्या थरातून, टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांमुळे. म्हणजे आपल्याला ‘पांढऱ्या रंगावर डाग पडला’ असं वाटतं तेव्हा पांढरा रंग स्वच्छच असतो. डाग असतो त्याच्यावरच्या पारदर्शक थरात, काचेखाली अडकलेल्या शाईसारखा.

मग पांढऱ्या गाडीवरच तो इतका का उठून दिसतो? टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक सुमारे २.७ आणि भोवतालच्या रेझिनचा दीडच्या आसपास. एवढ्या फरकामुळे प्रकाश त्या कणांवरून सगळ्या दिशांना विखुरतो आणि बहुतेक सगळा परत वर येतो. पण वर येताना तो डागातून पुन्हा एकदा जातो. एकदा आत जाताना, एकदा बाहेर येताना, असा रंजकाला हिरवा-निळा प्रकाश गिळायला दोनदा वाव मिळतो, आणि इवलंसं रंजकही गुलाबी छटा दाखवतं. काळ्या गाडीत आत गेलेला प्रकाश परतच येत नाही, त्यामुळे तिच्या क्लिअरकोटमध्ये तेवढंच रंजक शिरलं तरी कोणाला पत्ता लागत नाही. तिथे दिसतो तो फक्त वरच्या मेणाचा पांढुरका ओघळ.

आता केटलकडे परत येऊ. क्लिअरकोट म्हणजे रेझिनच्या साखळ्यांचं एकमेकींना बांधलेलं जाळं. एका ठरावीक तापमानाच्या खाली त्या साखळ्या जागच्या जागी गोठल्यासारख्या असतात. त्याच्या वर गेलं की त्या चुळबुळ करू लागतात, जाळ्यातल्या फटी उघडमीट होऊ लागतात. गाड्यांच्या क्लिअरकोटमध्ये हे तापमान साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आगेमागे असतं, काहींत कमी, काहींत जास्त. पॅराफिन वितळतं ४६ ते ६८ अंशांच्या दरम्यान. म्हणजे मेण पातळ होऊन त्यातलं रंजक मोकळं होण्याची वेळ आणि खालचं जाळं सैल होण्याची वेळ जवळजवळ एकच. उकळतं पाणी ओतणं म्हणजे रंजकाला दार उघडून आत या म्हणणं. वर ते लाल मेण तळहाताएवढ्या जागेत पसरतं ते वेगळंच. थंडीत गारठलेल्या विंडस्क्रीनवर तेच पाणी उडालं तर काच तडकायची भीतीही आहे. इस्त्रीचं तर नावच काढू नये, तिचा सर्वांत कमी आकडाही शंभर अंशांच्या आसपास जातो. हेअर ड्रायर वापरा असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तोही रंगीत मेणासाठी नको.

याचाच आणखी एक अर्थ: थेंब बॉनेटवर असतील तर ते काढल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका. तासभर मोटरवेवर धावलेल्या इंजिनावरचं बॉनेट चांगलंच तापतं. उलट दिवाळीच्या रात्री थेंब दिसले तर अंधारात टॉर्च घेऊन खरवडत बसायची घाई नाही. आठ-दहा अंशांत मेण घट्ट असतं, रंजक जेमतेम हलतं. विसरणाचा हिशोबही आपल्या बाजूचा आहे: दुप्पट खोल जायला रंजकाला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. एका रात्रीने फारसं बिघडत नाही. ‘उन्हाळ्यात बघू’ म्हणून सोडून दिलं तर मात्र बिघडतं.

तेव्हा रंगीत मेणाचं औषध थंडी, आणि ती या देशात फुकट मिळते. आधी तो भाग पाण्याने आणि कार शाम्पूने हलकेच धुऊन घ्या. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मिठाबरोबर बारीक खडीही पडते. गाडीवरची ती धूळ न धुता घासली तर मेण निघेल, पण ओरखडे राहतील. मग पिशवीत बर्फ घालून, खाली पातळ फडकं ठेवून थेंबावर दोन-तीन मिनिटं धरा. मेण थंडीत पोलादापेक्षा दहापटीहून जास्त आकसतं. खालचा पत्रा जवळजवळ जागच्या जागी आणि वरचा थेंब आत ओढला जातोय, अशी ओढाताण दोघांच्या सांध्यावर पडते आणि थेंब सुटू लागतो. मग प्लॅस्टिकचं जुनं कार्ड जवळजवळ आडवं धरून कडेने सरकवा. बरेचसे थेंब टचकन उडतात. धातूचं पातं किंवा सुरी नको. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे हे आणखी सोपं जातं, कारण तो किंचित दाबला की थेंबाला आपोआप तडा जातो.

निघालेल्या तुकड्यांपैकी एक जपून ठेवा. स्टीलच्या चमच्यात तो घेऊन त्यावर व्हाइट स्पिरिटचे चार थेंब टाका. द्राव स्वच्छ, पारदर्शक लाल झाला तर मेणबत्तीत रंजक होतं. गढूळ होऊन तळाशी गाळ बसला तर रंगद्रव्य, आणि तुमची बहुतेक काळजी तिथेच संपली.

कार्डाने थेंब गेला तरी मेणाचा पातळ पापुद्रा उरतो. पाणी आणि साबण त्याला दाद देत नाहीत. समान स्वभावाच्या द्रवातच तो विरघळतो, आणि डीआयवायच्या दुकानात मिळणारं व्हाइट स्पिरिट हे मेणाचंच चुलत भावंड, फक्त साखळ्या आखूड. पांढऱ्या मायक्रोफायबर फडक्यावर ते थोडं घ्या. आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघा, काही झालं नाही तर मग डागावर. घासू नका, टिपा, आणि दर वेळी फडक्याची कोरी बाजू घ्या, नाहीतर इथलं लाल तिथे लागेल. ओतून डबकं करू नका. द्रव जितका वेळ साचून राहील तितका वेळ रंजकाला आत नेत राहील. जवळ ज्योत नको, सिगारेट नको, आणि गराजचं दार उघडं असू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे ॲसिटोन, आणि रंगाचा थिनर, या दोन्हींना हात लावू नका, ते क्लिअरकोटच मऊ करतात. नुकताच एखादा पॅनेल नव्याने रंगवून आणलेला असेल तर व्हाइट स्पिरिटही नको. ताज्या रंगाचं जाळं पुरतं बांधलं गेलेलं नसतं, तिथे रंगवणाऱ्यालाच विचारा.

मग पुन्हा शाम्पूने धुऊन, कोरडं करून दिवसाच्या उजेडात बघा. गाडीला आधी वॅक्स केलेलं असेल तर बहुतेक रंजक त्या वॅक्समध्येच अडकलेलं असतं आणि त्याच्याबरोबर निघून जातं. तेव्हा त्या जागी नव्याने वॅक्स करायला विसरू नका, व्हाइट स्पिरिटने तिथलं जुनं संरक्षणही पुसलं गेलेलं असतं.

एवढं करून फिकट गुलाबी सावली राहिलीच, तर ते रंजक क्लिअरकोटच्या आत आहे. पृष्ठभागावर काहीही चोळून ते बाहेर येणार नाही. क्ले बारही निरुपयोगी, कारण तो वर चिकटलेलंच उचलतो. पॉलिश करणं म्हणजे क्लिअरकोटचे एक-दोन मायक्रॉन तासून काढणं. रंजक उथळ असेल तर सावली जाते, पण तोच थर उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवतो, आणि तो परत वाढत नाही. म्हणून एकदा हलकं पॉलिश करून पाहावं आणि थांबावं.

मेणबत्तीतली बरीच रंजकं उन्हात टिकत नाहीत. अतिनील किरण त्यांचे रेणू तोडतात, खिडकीतली लाल मेणबत्ती वर्षभरात फिकी पडते ती त्यामुळेच. ब्रिटनमध्ये डिसेंबरात अतिनील निर्देशांक जेमतेम शून्य-एक असतो, जूनमध्ये तो सहा-सातपर्यंत चढतो. वरचं मेण पूर्ण निघालेलं असेल आणि आत उरलेलं रंजक थोडंसंच असेल, तर गाडीची ती बाजू दक्षिणेकडे करून ठेवावी आणि जूनपर्यंत वाट पाहावी. पांढरी गाडी उन्हात गडद गाडीइतकी तापत नाही, त्यामुळे त्या काळात रंजक आणखी खोल जाण्याची भीतीही कमी. लीजची गाडी मार्चमध्ये परत करायची असेल तर मात्र एवढा वेळ हाताशी नसतो. तेव्हा रंगाची जाडी मोजायचं यंत्र असलेल्या डिटेलरकडे गाडी न्यावी आणि क्लिअरकोट किती शिल्लक आहे हे पाहूनच पॉलिश करायला सांगावं.