खेळण्यांतील विमानाचा तोल

मधल्या सुट्टींत वहीचें पान फाडून त्याचें विमान करावयाचें व तें व्हरांड्यांतून मैदानाकडे भिरकावून द्यावयाचें, ही कला विद्यार्थ्यांस शिकवावी लागत नाहीं. वहीच्या पानांविषयीं आमचें कांहीं म्हणणें आहे, परंतु तें वेगळ्या प्रसंगीं. येथें सांगावयाचें तें असें कीं, अशा विमानांपैकीं बहुतेकांचा प्रवास दोनच प्रकारांनीं संपतो. एक तर विमान नाक खालीं करून सरळ जमिनीस भिडतें. नाहीं तर तें डोकें वर उचलतें, क्षणभर थबकतें आणि मग कोसळतें. मुलगा पुढच्या खेपेस अधिक जोरानें फेंकतो. जोरानें फेंकल्यानें रोग बरा होत नाहीं, फक्त लवकर दिसतो. पुष्कळ मुलें व मुली आपल्या हातालाच दोष देऊन हा नाद सोडतात याचें आम्हांस वाईट वाटतें. कारण दोष हाताचा नसून तोलाचा असतो, आणि तोल ही मोजून, हिशेब करून दुरुस्त करतां येण्यासारखी गोष्ट आहे. ज्याचा तोल हवा तसा बदलतां येईल असें एक लहानसें बिनइंजिनाचें विमान, ज्यास ग्लायडर म्हणतात, कसें करावें, व तोल बदलतांना नेमकें काय बदलतें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

ही कल्पना नवी नाहीं. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत राहणारे सर जॉर्ज केली यांनीं 1804 सालीं असा एक नमुना केला होता. एका लांब दांडीवर थोडा तिरपा बसविलेला पतंग, हाच पंख. मागें उभ्याआडव्या परांची शेपटी, ती हवी तशी वळवितां येणारी. आणि तोल साधण्यासाठीं एक वजन, तेंही जागा बदलतां येण्याजोगें. आज आकाशांतून जाणाऱ्या प्रचंड विमानांची मूळ आकृति त्या खेळण्यांत दिसते. आपल्याकडील मुलांस हें शास्त्र अगदींच परकें आहे असें नाहीं. संक्रांतीच्या दिवसांत पतंग एका अंगास कलूं लागला म्हणजे दुसऱ्या टोकास चिंधी बांधणारा मुलगा केलीसाहेबांचाच धडा गिरवीत असतो. फरक इतकाच कीं, पतंगास निदान दोऱ्याचा आधार असतो; विमान हातांतून सुटलें कीं त्यास सांभाळणारें कोणी नसतें. त्यानें स्वतःस सांभाळावें अशीच त्याची रचना करावी लागते.

आतां सामान. बांबूची एक सरळ तासलेली दांडी घ्यावी; लांबी 12 इंच व जाडी पेन्सिलीच्या सुमारें निम्मी. पंखांसाठीं जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम, व तो फुकट मिळतो. त्याचे 6 इंच लांब व अडीच इंच रुंद असे दोन तुकडे कापावे. ते टोकास टोंक लावून खालून कागदाच्या पट्टीनें डकवावे. मात्र डिंक ओला असतांनाच दोन्ही बाहेरचीं टोकें मध्यापेक्षां एक-एक इंच उंच राहतील असा आधार देऊन सुकूं द्यावे. म्हणजे समोरून पाहतां पंख उथळ पन्हळीसारखा दिसतो. या उंचीमुळेंच विमान डावीउजवीकडे कललें असतां पुन्हां सरळ होतें, म्हणून सपाट पंखाचा मोह धरूं नये. पंखाच्या मध्याखालीं साडेतीन इंच लांबीची बांबूची एक चपटी कामटी चिकटवावी. तिचीं टोकें पुढें व मागें अर्धा-अर्धा इंच बाहेर राहतात. त्यांवर रबराचीं वेढीं चढवून पंख दांडीवर बसवावयाचा. पंखाची पुढील कड दांडीच्या नाकापासून 3 इंचांवर यावी. कामटीचें पुढील टोंक व दांडी यांच्यामध्यें एक आगकाडी आडवी सरकवावी, म्हणजे पंखाची पुढील कड किंचित उचलली जाते. शेपटी 5 इंच लांब व दीड इंच रुंद, दांडीच्या मागच्या टोंकावर सपाट चिकटविलेली; तिच्यावर दीड इंचाचा चौकोनी उभा पर.

राहिलें वजन. शाडूची ओली गोळी नाकास चिकटविण्याची पद्धत आमच्या पाहण्यांत आहे, पण शाडू वाळला कीं हलका होतो व आज साधलेला तोल उद्यां रहात नाहीं. त्यापेक्षां सुमारें सव्वा मिलिमीटर जाडीची दोन फूट तांब्याची तार घ्यावी. वायरमनकडील जुन्या तारेचें आवरण काढून ती सहज मिळते. ती दांडीच्या पुढील भागाभोंवतीं दोन थरांत घट्ट गुंडाळावी. असें वेटोळें बोटानें ढकललें तर सरकतें, आपण होऊन सरकत नाहीं. आपल्या विमानाचा तोल बदलण्याचें साधन तें हेंच.

पंखाच्या खालच्या बाजूस पेन्सिलीनें दोन रेघा ओढाव्या: पहिली पुढील कडेपासून रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे पाऊण इंचाहून किंचित मागें, दुसरी बरोबर मध्यावर, सव्वा इंचावर. दोन्ही हातांच्या एकेका बोटावर विमान पंखांखालीं तोलून धरावें. जेथें तें पुढेंमागें न झुकतां आडवें राहील तेथें त्याचा गुरुत्वमध्य समजावा. वेटोळें अगदीं पुढें असतां तो पहिल्या रेघेपाशीं यावा. न आल्यास तार थोडी वाढवावी किंवा कापावी. पुढील हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यासही येईल. प्रयोगशाळेंतील तराजूवर संपूर्ण विमान 15 ग्रॅम व त्यांतील तार 6 ग्रॅम भरली असें धरूं. वेटोळें एक इंच मागें सरकविलें तर गुरुत्वमध्य किती सरकेल? 6 भागिलें 15, म्हणजे दोन-पंचमांश इंच. पहिल्या व दुसऱ्या रेघेंतील अंतरही जवळजवळ तेवढेंच आहे. म्हणजे वेटोळ्याच्या एका इंचाच्या सरकण्यानें विमान तिसऱ्या हिश्श्यावरून निम्म्यावर येतें. आणि या एका इंचांत विमानाचा सारा स्वभाव पालटतो.

कसा, तें पाहूं. पंख हवेस कांहीं कोनानें भेटतो, आणि लहान कोनांपुरतें पाहिलें तर त्यास वर उचलणारा हवेचा जोर त्या कोनाच्या प्रमाणांत असतो. शेपटी हाही एक लहान पंखच होय. गुरुत्वमध्य पुढें असला म्हणजे विमान आडवें राहण्यासाठीं शेपटीनें पंखापेक्षां कमी कोनानें हवेस भेटावें लागतें. पंखाचा कोन 4 अंश व शेपटीचा 2 अंश आहे असें समजा. वाऱ्याच्या झुळकेनें नाक 2 अंश वर झालें. पंखाचा कोन 6 झाला, म्हणजे दीडपट. शेपटीचा 4 झाला, म्हणजे दुप्पट. शेपटीचा जोर प्रमाणाबाहेर वाढला, ती वर गेली, आणि नाक आपोआप खालीं आलें. उलट नाक 2 अंश खालीं गेलें तर पंखाचा जोर निम्मा राहतो, शेपटीचा मुळींच रहात नाहीं. शेपटी खालीं बसते आणि नाक वर येतें. कोणीं हात लावला नाहीं, तरी विमान सांवरलें.

आतां वजन मागें घ्या. तोल राखण्यासाठीं शेपटीसही 4 अंशांचा कोन द्यावा लागला असें धरा. झुळूक आली, दोन्ही कोन 6 झाले, दोन्ही दीडपट. कोणी कोणास परत आणीत नाहीं. वजन आणखी मागें घेऊन शेपटीस 6 अंश द्यावे लागले तर पंख दीडपट व शेपटी फक्त सव्वापटीहून थोडी अधिक. पंखाची सरशी होते, नाक वर जातें तें जातच राहतें. पंखामागील हवा खालीं ढकलली गेलेली असल्यामुळें प्रत्यक्ष आंकडे थोडे निराळे येतात, व म्हणूनच आमच्या मापाचें विमान दुसऱ्या रेघेवरही कसेंबसें उडतें; परंतु तत्त्व हेंच. पुढें आणलेलें वजन व कमी कोनाची शेपटी हीं जोडीनें नांदणारीं आहेत. एकास सोडून दुसऱ्याकडून स्थैर्याची अपेक्षा करूं नये.

ही जोडी प्रथम हवेंत यशस्वी करून दाखविली ती आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणानें. 1871 सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें पॅरिसमधील ट्विलरी बागेंत पीळ दिलेल्या रबरावर चालणारें एक विमान सोडलें. तें सुमारें 11 सेकंद स्थिरपणें उडालें. त्याचें दुसरें एक खेळणें, रबरावर सरळ वर उडणारें, अमेरिकेंत 1878 सालीं बिशप मिल्टन राइट यांनीं प्रवासाहून परततांना आपल्या मुलांसाठीं आणलें. मोठा विल्बर तेव्हां 11 वर्षांचा, धाकटा ऑर्व्हिल 7 वर्षांचा. पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. सहसा सांगितली जात नाहीं ती गोष्ट अशी कीं, 17 डिसेंबर 1903 रोजीं त्या भावांचें विमान उडालें खरें, पण लाटेवरील होडीप्रमाणें वरखालीं होत. त्याचा गुरुत्वमध्य फार मागें होता. पुढील वर्षीं डेटन गांवाजवळील कुरणांत प्रयोग करतांना त्यांनीं विमानाच्या पुढील भागीं सुमारें 70 पौंड लोखंड बांधलें, तेव्हां तें अधिक ताब्यांत आलें. वजन कमी करण्यासाठीं ज्यांनीं जिवाचें रान केलें, त्यांनीं केवळ तोलासाठीं एवढें लोखंड उचलावें, यावरून त्याची किंमत कळते. जर्मनींतील ओटो लिलिएन्थाल यांनीं ती याहून फार मोठी दिली. ग्लायडरला लोंबकळून, आपलें शरीर पुढेंमागें झोकून ते तोल राखीत, आणि अशीं सुमारें 2000 उड्डाणें त्यांनीं केलीं. 9 ऑगस्ट 1896 रोजीं त्यांच्या ग्लायडरचें नाक वर गेलें, ग्लायडर हवेंत थबकलें व कोसळलें. दुसऱ्या दिवशीं त्यांचा अंत झाला. कागदी विमानांच्या ज्या दोन रोगांचा आरंभीं उल्लेख केला, त्यांतला दुसरा तो हाच.

विमान सोडतांना फेंकूं नये. सकाळीं वारा पडलेला असतां, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खालीं ठेवून, वीसपंचवीस फुटांवरील गवताकडे तें पुढें सारून हातांतून सुटूं द्यावें. प्रथम वेटोळें पुढें, गुरुत्वमध्य पहिल्या रेघेवर. बहुधा विमान सूर मारील. येथेंच बहुतेकांचा हात तारेकडे जातो: नाक जड झालें, वजन मागें घ्या. हें करूं नये. वेटोळें तेथेंच ठेवून शेपटीची मागील कड केसभर वर वळवावी. पुन्हां सोडावें, पुन्हां केसभर वळवावी. सूर मंदावत जातो, आणि एका खेपेस विमान गवतावर असें अलगद उतरतें कीं पाहणारे गप्प होतात. त्यापुढें आणखी वळविली कीं तें लाटा घेऊं लागेल; मग किंचित परत आणावी. वजनानें विमानाचें स्थैर्य ठरतें, शेपटीनें त्याचा वेग. म्हणून वजन आधीं नेमावें व शेपटीनें जुळवून घ्यावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि वेटोळ्याची जागा, शेपटीची वळण व गेलेलें अंतर हीं वहींत टिपावीं. (वहीच्या पानाचा हा उपयोग आम्हांस मान्य आहे.)

या लाटांचा अभ्यास इंग्रज शास्त्रज्ञ लँचेस्टर यांनीं अशाच नमुन्यांवरून केला, व 1908 सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांस फ्यूगॉइड हें नांव दिलें. उडणें या अर्थीं त्यांनीं ग्रीक शब्द योजिला खरा, पण त्या धातूचा अर्थ पळून जाणें असा आहे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायांत योसेफास बालकासह मिसर देशांत पळून जाण्याची आज्ञा होते, तेथें मूळांत हेंच क्रियापद आहे. गणित बरोबर, भाषा चुकीची. आणि नांव मात्र आजतागायत चालू आहे.

एकदां विमान नीट उतरूं लागलें म्हणजे वेटोळें मुद्दाम एक इंच मागें घेऊन, शेपटी त्याप्रमाणें सपाट करून सोडून पाहावें. शांत हवेंत तेंही बऱ्यापैकीं तरंगेल, कदाचित् थोडें लांबही जाईल. मग थोडा वारा सुटला असतां दोन्ही प्रकार आळीपाळीनें करून पाहावे. पहिलें डोलतें व सांवरतें. दुसरें एकदां डोलूं लागलें कीं सांवरण्यास फार वेळ घेतें, आणि खांद्याइतक्या उंचीवरून तेवढा वेळ मिळत नाहीं.

विमान नेहमीं एकाच बाजूस वळत असेल तर उभ्या पराची मागील कड उलट बाजूस किंचित वळवावी. तेवढ्यानें न भागल्यास पंख पिळलेला आहे काय हें मागून पाहावें, बहुधा असतोच. पावसाळ्यांत कागद ओल धरतो, पंख वांकतो व वजनही वाढतें, म्हणून त्या दिवसांत विमान जड पुस्तकाखालीं दाबून ठेवावें, आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या सकाळीं बाहेर काढून प्रथम दोन बोटांवर तोलून पाहावें.