धोटा कुठे, कांडी कुठे

लग्नसराई आली की आमच्या हदगावच्या कापड दुकानांतून ‘जरा पैठणी दाखवा’ हे वाक्य हमखास ऐकू येते. रंग पाहिला जातो, पदरावरचे मोर मोजले जातात, घासाघीस होते. ती कशाने विणली, हे मात्र कुणी विचारीत नाही. किमतीचे उत्तर तर त्यातच दडलेले असते.

पैठणीचे मूळ गाव आपल्याच मराठवाड्यातले, नांदेडसारखेच गोदाकाठचे. आज विणकरांची मोठी वस्ती मात्र येवल्यात आहे. तिथल्या हातमागावर प्रत्येक कामाचे अवजार ठरलेले असते. साध्या काठाची एकधोटी पैठणी एकाच धोट्यावर निघते. आडवा धागा उभ्याहून वेगळ्या रंगाचा असतो, म्हणून अंगावर धूपछाव खेळते. कडियल काठाला उभा-आडवा एकच रंग हवा आणि अंग मात्र निराळे. मग धोटे तीन लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. पदरावर मोर काढायचा तर धोटा कुचकामी. तिथे लहान लहान कांड्या येतात. ओळीत रंगाचे जितके तुकडे, तितक्या कांड्या. निळा रंग दोन ठिकाणी आला तर कांड्याही दोन. शेजारचे दोन धागे एकमेकांत अडकवून मागे वळवायचे, उभे धागे बोटांनी मोजायचे. म्हणूनच एका पदराला कित्येक आठवडे, कधी महिने जातात.

ही जाण जगभरच्या कारागिरांत आहे. इंग्लंडात लेस करणाऱ्या बाया उशीवर टाचण्या टोचून कांड्यांनी धागे गुंफीत. हॉनिटनची लेस सुटे तुकडे जोडून होते. कांडी बारीक फासातून काढावी लागते, म्हणून ती हलकी, टोकदार आणि बिनमण्यांची; उशीही फिरवता येईल अशी गोल, चपटी. बेडफर्ड-बकिंगहॅमकडे लांब पट्ट्यांची लेस, म्हणून उशी लोडासारखी. आणि कांडीच्या टोकाला मणी, कारण त्या वजनाने धागा ताणलेला राहतो नि कांडी घरंगळत नाही. एकीची कांडी दुसरीच्या उशीवर चालायची नाही.

आता बाजारात यंत्रावरच्या ‘सेमी पैठण्या’ पुष्कळ आहेत. त्या स्वस्त आहेत, दिसायला छानही आहेत. ज्याला परवडेल त्याने जरूर घ्यावी. मात्र ती अस्सल म्हणून गळ्यात पडू नये. पदर उलटून पाहावा. कांडीने विणलेला मोर दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्राच्या मोरामागे सुटे किंवा कापलेले धागे असतात.

जन्मभर बँकेत काढल्यामुळे आणखी एक गोष्ट बोलून ठेवतो. विणकराचे रेशीम, जर आणि कष्ट पदर पुरा होईपर्यंत मागावरच अडकलेले असतात. साडी विकली की पैसा, तोवर काही नाही. अशा माणसाला कर्जाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून लावणे म्हणजे पदरावर धोटा फेकण्यासारखेच. शेतकऱ्याच्या पीककर्जाची फेड सुगीशी बांधतात. विणकराच्या कर्जाची फेडही साडी उतरण्याशी बांधायला हवी. नाही तर हप्त्याच्या धास्तीने तो मोर सोडून साधी, लवकर निघणारी साडी विणू लागेल. आणि मोर काढणारे हात एकदा थांबले, की ते कुठल्याही कर्जाने परत आणता येणार नाहीत.